शेंदरी अळी

आबा कापूस विकून आले की परतीच्या गाडीत सरकीचं एक पोतं हमखास असायचं. दुभत्या म्हशीला आणि नांगराच्या बैलांना ती लागायची. माळवदाच्या घरात, उतरंडीच्या शेजारी ते पोतं उभं राही. सकाळी आजी सूपभर सरकी काढायची, ओट्यावर बसून निवडायची आणि मग भिजत घालायची. निवडता निवडता तिला एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या सापडायच्या. ती त्यांना जोडसरकी म्हणायची. नखानं ती जोडी उकलली की आत पातळ जाळ्यात एक गुलाबी अळी वेटोळं करून पडलेली दिसे. फार तर अर्ध्या इंचाची.

"मेली का गं?" मी विचारायचो.

"मरती कशाची! निजलीय ती. पाऊस पडला की उठंल." एवढं बोलून आजी ती अळी अंगणातल्या कोंबड्यांपुढं टाकायची.

आमच्या बिडकीनच्या शिवारात तिला शेंदरी अळी म्हणत. आता सगळे गुलाबी बोंडअळी म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीनं एका वाक्यात जे सांगितलं होतं, ते मला पुढं पुस्तकातून शिकावं लागलं. आणि ते नीट कळेपर्यंत आमच्या घरचं एक अख्खं पीक गेलं. त्यात माझा हात किती होता, तेही या निमित्तानं सांगून टाकतो.

आधी या पाखराची ओळख करून देतो.

अळी हे त्याचं एक रूप. मोठी झाली की तिचा पतंग होतो. पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या शंभर पाखरांत तुम्ही तो ओळखणार नाही. पंख पसरले तरी दीड-दोन सेंटिमीटर, रंग मातकट करडा, अंगावर काळपट ठिपके. दिवसा ढेकळाखाली नाहीतर पालापाचोळ्यात दडतो, रात्री उडतो. मादी एक-दोन आठवडे जगते आणि तेवढ्यात शंभर-दोनशे अंडी घालते. पात्यावर, कळीवर, कोवळ्या बोंडाच्या बुडाशी जी हिरवी टोपी असते तिच्या खाली. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. बाहेर आलेली अळी पांढरट, डोकं तपकिरी. ती लगेच आत शिरायला जागा शोधते.

फुलात शिरली तर पाकळ्या आतून जाळ्यानं बांधून टाकते. मग ते फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. अशा फुलाला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर आणखी वाईट. शिरतानाचं भोक इतकं बारीक असतं, की थोड्याच दिवसांत ते बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, हाताला टणक. आत मात्र ती एकेक सरकी पोखरत असते. दोन आठवड्यांत पोट भरलं की अंगावर शेंदरी-गुलाबी पट्टे येतात. मग बोंडाला गोल भोक पाडून ती बाहेर पडते, मातीत कोष करते आणि आठ-दहा दिवसांत पाखरू होऊन पुन्हा अंडी घालायला मोकळी. सगळा फेरा महिनाभराचा. एका हंगामात चार-पाच पिढ्या सहज होतात.

हंगामाच्या शेवटची पिढी मात्र वेगळं वागते. दिवस लहान झाले, थंडी पडली, की ती कोषाच्या भानगडीत पडत नाही. सरकीतच, नाहीतर बोंडाच्या वाळक्या टरफलात जाळं विणून झोपून जाते. महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. शास्त्रज्ञ याला सुप्तावस्था म्हणतात. आजीच्या भाषेत, निजलीय ती.

आता तिच्या खाण्याचं. हिरवी बोंडअळी, जिला हरभऱ्यावर आपण घाटेअळी म्हणतो, ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो, मका, कापूस, समोर येईल ते खाते. शेंदरीचं तसं नाही. तिचं खरं अन्न कपाशी. नाहीच मिळाली तर कपाशीच्या भावकीतली भेंडी, अंबाडी, जास्वंद, बांधावरची पेटारी. पण तिथं ती कशीबशी दिवस काढते. पोटभर जेवण कपाशीच्याच बोंडात. म्हणजे शेतात चार-पाच महिने कपाशी नसेल, तर झोपेतून उठलेल्या पाखराला अंडी घालायला जागा मिळत नाही आणि ते तसंच मरून जातं. तिला मारायचं सगळ्यात स्वस्त औषध हेच, तिला जेवायला द्यायचं नाही.

या अळीला शास्त्रीय नाव मिळालं ते आपल्याच देशातून. 1842 साली भडोचच्या सरकारी कापूस मळ्याच्या अधीक्षकानं किडलेली बोंडं इंग्लंडला पाठवली. तिथल्या सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं 1843 मध्ये तिचं वर्णन छापलं आणि कपाशीच्या शास्त्रीय नावावरून तिला गॉसिपिएला म्हटलं. भडोच म्हणजे नर्मदेच्या तोंडाशी असलेलं कापसाचं जुनं बंदर.

त्या वेळी आमचा मुलूख निजामाचा. आमच्याकडं गावरान कापूस व्हायचा. आखूड धाग्याचा, पण काटक. 1900 साली मनमाडहून औरंगाबाद, जालना करत हैदराबादकडं रेल्वे गेली आणि तिच्या कडेकडेनं जिनिंगचे कारखाने उभे राहिले. कापूस आणि सरकी लांब लांब जाऊ लागली.

सरकीसोबत अळीही गेली. 1906-07 च्या सुमाराला भारतातून गेलेल्या सरकीतून ती इजिप्तमध्ये पोचली आणि पाच-सहा वर्षांत तिथल्या नामांकित लांब धाग्याच्या कापसाची तिनं वाट लावली. इजिप्तच्या बियाण्यातून 1911 साली मेक्सिको. मेक्सिकोच्या सरकीतून 1917 साली अमेरिकेतलं टेक्सास. हे एवढंसं पाखरू समुद्र ओलांडून गेलं ते पंखांच्या जोरावर नाही. ते पोत्यात निजून गेलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या उतरंडीशेजारचं पोतं आठवलं.

टेक्सासमध्ये सरकारनं काही भागात कापूस लावायलाच बंदी घातली, उभी पिकं उपटून जाळली. पुढं शंभर वर्षं ते लोक तिच्या मागं लागले. वेचणी संपली की अमुक तारखेच्या आत पऱ्हाटी जमिनीत गाडायचीच, असा कायदा केला. मादीच्या गंधाचे सापळे लावले. बीटी कपाशी आली ती लावली. शेवटी कारखान्यात लाखोंनी पाखरं वाढवून, त्यांना किरणांनी वांझ करून विमानातून शेतांवर सोडली. 2018 च्या ऑक्टोबरात त्यांनी जाहीर केलं, की आमच्या कापसाच्या मुलखातून ही अळी संपली. नेमक्या त्याच्या आदल्या वर्षी ती आमच्या दारात बसली होती.

आता माझ्या हाताची गोष्ट.

2002 च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारनं बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. वाणं महिकोची, कंपनी आपल्या जालन्याची. त्याआधीची पाच-सात वर्षं हिरव्या अळीनं शेतकऱ्याला रडवलं होतं. दहा-दहा, पंधरा-पंधरा फवारे मारून अळी हलत नव्हती. सकाळी तात्या, म्हणजे माझे वडील, हातानं अळ्या वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायचे. अशात कुणी म्हणालं की झाडातच अळीचं विष आहे, तर माणूस सोळाशे रुपयांचं पाकीट का घेणार नाही?

मी तेव्हा एका कृषी सेवा केंद्रात कामाला लागलो होतो. पोती उतरवायची, पाकिटं मोजून द्यायची, शेतकऱ्याला दोन गोष्टी सांगायच्या. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची एक वेगळी पुडी यायची. साध्या, नॉन बीटी सरकीची. ती शेताच्या कडेनं लावायची, असं कागदावर लिहिलेलं असे.

त्या पुडीचा हिशेब असा होता. लाखो अळ्यांत एखाद-दुसरी अशी असतेच, जिला बीटीचं विष बाधत नाही. अशा दोन पाखरांचा जोड जमला, तर पुढची पोरंही विष पचवणारी निघणार. कडेच्या साध्या कपाशीवर मात्र विष न पचवणारी पाखरं भरपूर जगतात. त्यांच्याशी जोड लागला, की पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते. म्हणजे चार ओळी अळीला खाऊ घालायच्या आणि बाकीचं शेत राखायचं.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेतकरी विचारायचे, "ही बारकी पुडी कशाची?" मी म्हणायचो, "फेकून द्या. उगं जागा अडवंल." काही जण ती नांग्या भरायला वापरत. बाकीच्या पुड्या दुकानाच्या मागच्या उकिरड्यावर जात. तात्यांच्या पाकिटातली पुडी तर मी घरी येण्याआधीच काढून टाकायचो.

सुरुवातीची वर्षं सोन्याची गेली. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीजी-2 आलं, पाकिटाचा भावही उतरला. आमच्या चार एकरांत एकरी दहा क्विंटलपर्यंत कापूस निघू लागला. आधी तूर, बाजरी, मूग, कापूस असं सगळं थोडं थोडं असायचं. ते जाऊन बांधापासून बांधापर्यंत पांढरं दिसू लागलं. ज्याच्याकडं ठिबक, तो मे महिन्यातच सरकी टोबायचा. डिसेंबरात वेचणी सरली तरी पीक उपटायचं नाही. एक पाणी, थोडा युरिया, की पुन्हा फुटवा. त्या फरदडीचे दोन-तीन क्विंटल फुकटात मिळाल्यासारखे वाटायचे. मार्च-एप्रिलपर्यंत कपाशी शेतात उभी आणि मे महिन्यात नवीन लावण. जिला उपाशी ठेवायचं, तिच्यासाठी आम्ही बारमाही पंगत मांडली होती.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया या देशांत बीटी आलं ते मुख्यतः सरळ वाणांत. आपल्याकडं आलं ते संकरितात. संकरित झाडाच्या बोंडात जी सरकी भरते, ती सगळी एकसारखी नसते. काहींत विष दोन्ही तऱ्हेचं, काहींत एकच, तर थोड्यांत मुळीच नाही. शेंदरी तर सरकीच खाते. एकाच बोंडात तिला कडू, कमी कडू, गोड असे सगळे घास मिळत गेले. विष पचवायला शिकण्याची शाळाच ती. वर आपली संकरित वाणं सहा-सात महिने चालणारी.

गुजरातेत अमरेलीच्या बाजूला पहिल्या बीटीला ती दाद देत नाही, असं 2010 मध्ये जाहीर झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत तिथंच तिनं बीजी-2 देखील पचवलं. आम्ही म्हणालो, ते तिकडं गुजरातेत.

2017 सालचा पाऊस बरा होता. कपाशी छातीला लागली होती. झाडाला सत्तर-ऐंशी बोंडं. गावात जो तो दुसऱ्याला आपलं रान दाखवत होता. ऑक्टोबरात एका दुपारी तात्या दुकानात आले. खांद्यावर पिशवी. त्यांनी ती काउंटरवर रिकामी केली. वीस-पंचवीस हिरवी बोंडं.

"फोड बरं," ते म्हणाले.

मी सुरीनं एक बोंड चिरलं. आत कापूस पिवळा पडलेला, सरकीचा भुगा, आणि त्यात गुलाबी अळी. दुसरं चिरलं. त्यातही. पाचवं, सातवं, दहावं. दुकानात आलेली माणसं भोवती गोळा झाली. कुणी काही बोलेना.

तोवर कृषी खात्याच्या एका प्रशिक्षणात त्या पुडीचा हिशेब माझ्या कानावर आला होता. मी तो तात्यांना तिथंच सांगितला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मंग आपन ती पुडी कामून टाकत होतो?"

"मीच टाकत होतो, तात्या. आन् लोकाला बी मीच सांगत होतो."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिरलेली बोंडं एकेक करून पुन्हा पिशवीत भरली. "हितं ठेवू नको," म्हणाले, "पाखरं व्हतील." आणि निघून गेले.

त्या वर्षी एकरी तीन क्विंटल निघाला, तोही पहिल्या वेचणीचा. पुढची सगळी कवडी. बोंड उमलतच नव्हतं. पाकळ्या हातानं उकलून कापूस ओढावा लागे, आणि वेचणाऱ्या बाया म्हणत, "भाऊ, ह्या भावात न्हाई परवडत." महाराष्ट्रभर हीच कथा होती. घाबरून लोकांनी मिळेल ते औषध मारलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. औषध बाहेर आणि अळी बोंडाच्या आत, मग ती मरणार कशी? पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. आपत्ती निवारणाचा कोरडवाहूचा दर हेक्टरी 6,800 रुपये. आमच्या त्या वर्षीच्या फवाऱ्यांचा खर्चही त्यात बसला नाही.

मी नोकरी सोडायची म्हणत होतो. तात्या म्हणाले, "सोडून काय करशील? बस तिथंच. जे उलटं सांगितलं ते सरळ सांग."

डिसेंबर सरायच्या आत आम्ही पऱ्हाटी उपटली. पण आमच्या बांधाला बांध लागून नानांचं, म्हणजे चुलत्यांचं रान. त्यांनी फरदड धरली होती. पाखराला बांध कळत नाही. आम्ही उपटून काय उपयोग? तात्या त्यांच्याकडं गेले, मीही सोबत होतो.

"नाना, उपटून टाक. आवंदा सगळ्यांनीच उपटू."

"दोन क्विंटल निघंल अजून. त्याचे पैसे तू देतो का?"

नाना चुकीचं बोलत नव्हते. वर्षभराचं नुकसान झालेल्या माणसाला ते दोन क्विंटलच दिसत होते. तात्या थोडा वेळ गप्प बसले. विहीर दोघांच्या सामाईकीतली, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मग ते म्हणाले, "माझी पाळी तू घे. उन्हाळी बाजरी कर दोन्ही पाळ्यांवर. मी रान पडीक ठेवतो. पन ही पऱ्हाटी ठेवू नको."

तिसऱ्या दिवशी नानांनी माणसं लावली. जानेवारीत त्यांचं रान मोकळं झालं. तात्यांचं रान त्या उन्हाळ्यात नांगरून, उन्हात तापत पडलं. आईनं परसातली अंबाडीसुद्धा उपटायला काढली होती, कुणीतरी तिला सांगितलं होतं म्हणून. तात्या म्हणाले, "राहू दे ती. अंबाडीनं न्हाई बुडवलं आपल्याला."

पुढच्या खरिपात अळी आली नाही, असं नाही. आली. पण उशिरा आली आणि कमी आली. पहिल्या दोन वेचण्या स्वच्छ झाल्या. शिवारात ज्यांनी फरदड ठेवली, त्यांच्या कडेच्या शेतांत जास्त दिसली. त्यावर गावात बोलाचालीही झाली. पुढं सरकारनंही जूनच्या आधी सरकी विकू नका, असं दुकानदारांना बजावायला सुरुवात केली. मे लावण कमी व्हावी आणि पाखराला उन्हाळाभर कपाशी मिळू नये, हाच त्यामागचा हेतू.

तात्या आता नाहीत. बिडकीनचं शिवारही पूर्वीचं राहिलं नाही. 7,855 एकरांवर औद्योगिक क्षेत्र झालं, 2024 च्या सप्टेंबरात त्याचं लोकार्पण झालं. जिथं कपाशी होती तिथं चौपदरी रस्ते आणि दिव्यांचे खांब आहेत. पावसाळ्यात त्या दिव्यांभोवती पाखरांचे थवे फिरतात. त्यात ती किती असतील, सांगता येत नाही.

मी अजून दुकानातच आहे. जूनमध्ये पाकीट देताना प्रत्येकाला सांगतो. लवकर येणारं वाण घ्या. पात्या लागल्या की हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पाखरं दिसली, की सावध व्हा. डोमकळ्या तोडून नष्ट करा. दर आठवड्याला वीस हिरवी बोंडं फोडून बघा, दोनांत अळी निघाली तर मग फवाऱ्याचा विचार करा. आणि डिसेंबरच्या पुढं पीक ठेवू नका. काही ऐकतात, काही "हा, हा" म्हणून पाकीट घेऊन जातात. आता नॉन बीटीची सरकी पाकिटातच मिसळून येते. टाकायला वेगळी पुडीच नसते.

गेल्या डिसेंबरात पऱ्हाटी उपटताना माझ्या मुलानं एक वाळकं टरफल उचललं आणि आतली सरकी काढून मला दाखवली. दोन सरक्या चिकटलेल्या होत्या. त्यानं जोडसरकी कधी पाहिली नव्हती. मी नखानं उकलून दाखवली.

"मेली का?" त्यानं विचारलं.

"नाही. निजलीय."

त्यानं ती पायाखाली घेतली आणि दुसरं टरफल बघायला वाकला.